रिक्रूटर तुमच्याबद्दल पुढे काय सांगणार?

कोडिंग शिकून नुकतीच बाहेर पडलेली मुलंमुली मला एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारतात, की एवढ्या ठिकाणी अप्लाय केलं, कुठूनच काही उत्तर नाही, माझ्यात नेमकं कमी काय आहे? आणि रिझ्युमे उघडून बघितला की बहुतेक वेळा दिसतं ते असं की मुलात काही कमी नाहीये, फक्त रिझ्युमे भलत्याच माणसासाठी लिहिलाय. तो लिहिलेला असतो एखाद्या सिनियर प्रोग्रामरने किंवा कॉलेजच्या सरांनी वाचावा म्हणून. पण सगळ्यात आधी तो जिच्या हातात पडतो ती असते रिक्रूटर, आणि तिचं काम नक्की काय असतं हे या मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मी स्वतः डेव्हलपर आहे, पण टीममध्ये नवीन माणसं घ्यायची होती तेव्हा काही आठवडे आमच्या रिक्रूटरच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो, ती रिझ्युमे कशी बघते, कुठे थांबते, कुठे पुढे जाते, फोनवर बोलताना काय टिपून घेते हे सगळं बघत. त्यातून जे कळलं ते सांगतो, कारण ते मला पहिली नोकरी शोधताना कळलं असतं तर फार बरं झालं असतं.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की रिक्रूटर तुम्हाला नोकरी देत नाही. निर्णय हायरिंग मॅनेजरचा असतो, म्हणजे ज्याच्या टीममध्ये तुम्ही काम करणार तो. रिक्रूटरचं काम असतं आलेल्या ढिगातून मोजकी नावं काढून त्याच्यासमोर ठेवायची आणि प्रत्येक नावापुढे एकदोन ओळींत सांगायचं की ही व्यक्ती मी का निवडली. बहुतेक वेळा ती स्वतः प्रोग्रामर नसते. तिच्याकडे एकाच वेळी बऱ्याच ओपनिंग्ज असतात, आज जावा बॅकएंड, उद्या टेस्टिंग, परवा डेटा ॲनालिस्ट. प्रत्येक ओपनिंगसाठी हायरिंग मॅनेजरने तिला एक छोटी यादी दिलेली असते, हे पाहिजेच, हे असलं तर उत्तम, हे नको. त्या यादीशी ती तुमचा कागद लावून बघते.

आता यातली खरी मेख अशी आहे की ती नुसती वाचक नाहीये, ती तुमचा निरोप पुढे नेणारी आहे. तिला तुमच्याबद्दल दुसऱ्या माणसाला सांगायचंय, आणि तो दुसरा माणूस उलटून विचारणार आहे, 'बरं, पण याने केलंय काय?' त्या प्रश्नाचं उत्तर तिला तुमच्या कागदावरून उचलता आलं तर तुम्ही पुढे गेलात. नाही आलं तर ती काही तुमच्यावर रागावलेली नसते, तिच्याकडे सांगायला काही नसतं एवढंच. पहिलं इम्प्रेशन म्हणून जे म्हणतात ते टेक नोकरीच्या बाबतीत मला तरी एवढंच वाटतं, तिच्या हातात पुढे सांगता येईल असं एक वाक्य देणं. हसरा चेहरा, टाय, भारदस्त इंग्रजी हे सगळं त्याच्या खूप नंतर येतं.

आता वेळ किती मिळतो ते बघू. लॅडर्स नावाच्या जॉब साइटने २०१२ मध्ये ३० रिक्रूटर्सची नजर कागदावर कुठे आणि किती वेळ फिरते हे यंत्राने मोजलं होतं, तेव्हा पहिल्या नजरेला एका रिझ्युमेला साधारण ६ सेकंद मिळतात असं निघालं. २०१८ मध्ये त्यांनी परत मोजलं तर ७.४ सेकंद. हा एका कंपनीने केलेला छोटा अभ्यास आहे, त्यामुळे आकड्याला फार कवटाळून बसू नका, मी शेजारी बसून बघितलं तेव्हा काही रिझ्युमेंना मिनीटभरही मिळत होता. पण त्यात नजर कुठे जाते हे जे सापडलं ते कामाचं आहे: नाव, आत्ताचा हुद्दा आणि कंपनी, त्याच्या आधीचा हुद्दा आणि कंपनी, कधीपासून कधीपर्यंत त्या तारखा, आणि शिक्षण. बस.

फ्रेशरची अडचण इथेच आहे बघा. यातल्या बहुतेक जागा त्याच्याकडे रिकाम्या असतात, हुद्दा नाही, कंपनी नाही, तारखा नाहीत. मग नजर सरळ शिक्षणावर जाते, आणि शिक्षण तर ढिगातल्या सगळ्यांचं सारखंच. म्हणून त्या रिकाम्या जागेत काय ठेवायचं हा फ्रेशरच्या रिझ्युमेतला सगळ्यात मोठा निर्णय आहे, आणि बहुतेक जण तिथे 'एका नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून माझ्या कौशल्यांचा विकास करणे' असं काहीतरी ऑब्जेक्टिव्ह लिहून ती सोन्यासारखी जागा घालवतात. हे वाक्य पुढे सांगून बघा कुणाला, ऐकणाऱ्याला काय कळतं?

त्या जागेत प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिप ठेवा, आणि ती हुद्द्यासारखी दिसेल अशी मांडा: प्रोजेक्टचं नाव, तुमची भूमिका, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, आणि खाली दोन-तीन ओळी. म्हणजे नजर जिथे सवयीने जाते तिथे तिला काहीतरी सापडतं.

आणि वर काय ठेवता याला एक वेगळंच महत्त्व आहे. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये एक साधा प्रयोग केला होता, एका काल्पनिक माणसाचं वर्णन लोकांना वाचून दाखवलं, हुशार, कष्टाळू, उतावळा, टीका करणारा, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला हेच सहा शब्द उलट्या क्रमाने. शब्द तेच, तरी ज्यांनी 'हुशार' आधी ऐकलं त्यांचं त्या माणसाबद्दलचं मत जास्त चांगलं झालं. म्हणजे जे आधी कानावर पडतं ते नंतरच्या सगळ्याला आपला रंग देतं. तुमच्या रिझ्युमेत वरती 'हॉबीज' असतील किंवा शाळेतली टक्केवारी असेल तर खालचा चांगला प्रोजेक्टसुद्धा त्याच रंगात वाचला जातो, हे लक्षात ठेवा.

आता मधेच एटीएसबद्दल बोलून घेतो कारण त्याच्याबद्दल भीती फार पसरवली गेलीय. एटीएस म्हणजे अर्जांचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर. तुम्ही कंपनीच्या साइटवर रिझ्युमे अपलोड करता तेव्हा तो यात जातो, हे सॉफ्टवेअर त्यातून नाव, ईमेल, शिक्षण, स्किल्स असं वेगळं काढायचा प्रयत्न करतं आणि रिक्रूटरला शोधता येईल असं साठवून ठेवतं. 'पंचाहत्तर टक्के रिझ्युमे मशीनच फेकून देतं, माणसापर्यंत पोचतच नाहीत' असं जे सगळीकडे फिरत असतं त्याला धड आधार असलेला अभ्यास मी कुठे बघितलेला नाही, आणि मी जे बघितलं त्यात तरी रिझ्युमे वाचायचं आणि बाजूला ठेवायचं काम माणूसच करत होता. आपोआप रिजेक्ट होतं ते मुख्यतः अर्जातल्या त्या हो-नाही प्रश्नांमुळे, इथे काम करायची कायदेशीर परवानगी आहे का, या तारखेपासून जॉईन होऊ शकता का, डिग्री पूर्ण आहे का वगैरे. घाईत तिथे चुकीचं टिक केलं तर रिझ्युमे कितीही चांगला असू दे, तो उघडलाच जात नाही. तेव्हा तो भाग सावकाश भरा, खरंखरं भरा.

मशीनचा खरा त्रास होतो तो वाचण्यात. दोन कॉलमचा सुंदर रंगीत टेम्पलेट घेतला की काही सॉफ्टवेअर डावीकडची अर्धी ओळ आणि उजवीकडची अर्धी ओळ जोडून वाचतं आणि सगळी खिचडी होते. स्किल्स चित्रात किंवा आयकॉनमध्ये असतील तर ते दिसतच नाहीत. फोन नंबर हेडरमध्ये टाकला असेल तर कधीकधी तोही गळतो. याची चाचणी घरबसल्या करता येते, आपली पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी करा आणि नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये पेस्ट करा. तिथे जे दिसेल साधारण तेच मशीनला दिसणार आहे असं धरून चाला. वाचता आलं, क्रम बरोबर असला, तर झालं. शब्दच निघाले नाहीत तर तुमचा रिझ्युमे म्हणजे नुसता फोटो आहे.

आणि ते जेडीमधले (जेडी म्हणजे कंपनीने दिलेलं नोकरीचं वर्णन) सगळे शब्द पांढऱ्या अक्षरात लपवून टाकायचं जे कुणीतरी शिकवतं ना, ते कृपा करून करू नका. रिक्रूटरने कुठेही साधा टेक्स्ट उघडला की ते सगळं तिला दिसतं, आणि त्या क्षणी ती तुमच्याबद्दल जे वाक्य पुढे सांगेल ते तुम्हाला नको असलेलं असेल. तुम्हाला येणारे शब्द जेडीत ज्या नावाने लिहिलेत त्याच नावाने उघड लिहा, एवढं पुरतं. जेडीत 'रिॲक्ट' असेल आणि तुम्ही नुसतं 'फ्रंटएंड लायब्ररीज' लिहिलं असेल तर जी प्रोग्रामर नाही तिने ते कसं जुळवायचं?

बरं, आता प्रोजेक्टच्या ओळी. इथे मी जास्त वेळ थांबणार आहे कारण सगळा खेळ इथेच आहे.

समजा एकाने लिहिलंय, 'रिॲक्ट, नोड आणि मोंगोडीबी वापरून लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम विकसित केली.' चूक काही नाही यात. पण हे वाचून रिक्रूटर पुढे काय सांगेल? 'याने लायब्ररी सिस्टिम केलीय.' हायरिंग मॅनेजर म्हणेल, ती तर सगळेच करतात. आता हेच असं लिहिलं असतं तर: 'विभागाच्या लायब्ररीसाठी पुस्तक देवघेवीचं वेब ॲप, ४ जणांची टीम, मी सर्च आणि उशीर झाल्यावर जाणारे रिमाइंडर ईमेल केले. आधी नाव अचूक टाईप केलं तरच पुस्तक सापडायचं, आता अर्धवट नावावरही सापडतं. सध्या ६० विद्यार्थी वापरतात.' आता तिच्याकडे सांगायला किती आहे बघा, टीममध्ये काम केलंय, स्वतःचा भाग वेगळा सांगतोय, कुणाचीतरी खरी अडचण सोडवलीय, आणि लोक ते वापरतायत. तिला रिॲक्ट म्हणजे काय हे माहीत नसलं तरी चालतं.

मी काय केलं हे वेगळं सांगणं मुलांना जड जातं, विशेषतः ग्रुप प्रोजेक्टमध्ये, 'आम्ही केलं' असं लिहायचीच सवय असते आणि त्यात चांगुलपणाही असतो. पण कंपनी टीमला नाही, तुम्हाला घेणार आहे. टीम चौघांची होती हे सांगा आणि त्यातलं माझं काय हेही सांगा, दोन्ही सांगितल्याने कुणाचं श्रेय जात नाही.

आकड्यांबद्दल एक सांगतो. 'परफॉर्मन्स ४० टक्क्यांनी वाढवला' असं हल्ली प्रत्येक रिझ्युमेत असतं कारण प्रत्येक सल्ल्यात आकडे घाला असं लिहिलेलं असतं. पण इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न येतो, कसं मोजलं? आणि समोरचा गप्प. त्या एका गप्प बसण्याने बाकीचा खरा कागदही संशयात येतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि वाईट वाटलं होतं कारण मुलाचं बाकीचं काम खरंच चांगलं होतं. मोजलेला आकडा असेल तरच लिहा. नसेल तर आधी काय होतं आणि नंतर काय झालं ते साध्या शब्दांत लिहा, ते आकड्याइतकंच वजनदार असतं.

स्किल्सच्या यादीचंही तसंच. अठरा टेक्नॉलॉजी लिहिलेल्या असतात, त्यातल्या बऱ्याचशा एखाद्या शनिवारी व्हिडिओ बघून झालेल्या. ज्यावर दहा मिनिटं बोलू शकता तेवढंच ठेवा, आणि प्रत्येक स्किल खालच्या कुठल्यातरी प्रोजेक्टमध्ये वापरलेलं दिसू दे. 'पायथॉन ८० टक्के' अशा पट्ट्या किंवा स्टार टाकू नका, कशाचे ऐंशी टक्के हे कुणालाच सांगता येत नाही.

एआयकडून रिझ्युमे लिहून घ्यायचा का असं बरेच जण विचारतात. व्याकरण सुधारायला, लांब वाक्य छोटं करायला जरूर वापरा. पण पूर्ण त्याच्यावर सोडलं तर सगळ्यांचे रिझ्युमे एकाच आवाजात बोलायला लागतात, तेच ते 'परिणामकेंद्री', तेच 'उत्कट', आणि ढिगात लागोपाठ असे आले की वाचणाऱ्याची नजर घसरायला लागते. तुमच्या प्रोजेक्टमध्ये रात्री दोन वाजता काय अडलं होतं आणि ते कसं सुटलं हे त्याला माहीत नाही, ते तुम्हालाच लिहावं लागणार.

एक जुनी गोष्ट मला फार आवडते. साधारण १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झाला कामासाठी एक पत्र लिहिलं होतं. त्यात त्याने एकेक मुद्दा करून सांगितलं की मी हलवता येणारे पूल बांधू शकतो, वेढ्याच्या वेळी खंदकातलं पाणी काढू शकतो, तोफा आणि झाकलेल्या लढाऊ गाड्या बनवू शकतो. चित्रकला कुठे आहे माहितीये? पार शेवटाकडे. कारण तेव्हा स्फोर्झाला लढाईचं सामान बनवणारा माणूस हवा असणार हे त्याने ओळखलं होतं. आपल्याला काय सगळ्यात जास्त आवडतं त्याऐवजी समोरच्याला आत्ता काय हवंय ते त्याने वर ठेवलं. प्रत्येक अर्जाला रिझ्युमे पहिल्यापासून लिहा असं मी म्हणत नाही, ते शक्यही नाही, पण जेडी वाचून प्रोजेक्टचा क्रम बदलायला पाच मिनिटं लागतात. टेस्टिंगची पोझिशन असेल तर ज्या प्रोजेक्टमध्ये टेस्ट लिहिल्यात तो वर. एवढंच.

रिझ्युमे तयार झाला की तो कोडिंगशी काही संबंध नसलेल्या माणसाला दाखवा, दहा सेकंद मोजून, मग कागद काढून घ्या आणि विचारा, मी काय करतो असं तुला वाटलं? 'कम्प्युटरचं काहीतरी' असं उत्तर आलं तर वरचा एक तृतीयांश भाग परत लिहायला घ्या. 'लायब्ररीचं ॲप केलंस ना, लोक वापरतात ते' असं आलं तर समजा जमलं.

आता गिटहबकडे, म्हणजे आपला कोड जिथे ठेवून लोकांना दाखवता येतो त्या साइटकडे येऊ. रिक्रूटर तुमचा कोड वाचत नाही, ती लिंकवर क्लिक करते आणि काय दिसतं ते बघते. कोड वाचतो हायरिंग मॅनेजर किंवा टीममधला कुणीतरी, आणि तोही सगळा नाही, एखादी फाईल उघडतो. त्यामुळे प्रोफाईलवर सहा रेपो (म्हणजे प्रोजेक्टचे फोल्डर) वरती पिन करता येतात त्यात तुमचे चांगले दोन-तीनच ठेवा, सहा भरायलाच पाहिजेत असं नाही. ट्युटोरियल बघून केलेले आणि दुसऱ्याचे नुसते फोर्क (म्हणजे कॉपी) करून सोडलेले तिथे नकोत. प्रत्येक रेपोला रीडमी (प्रोजेक्टची माहिती देणारी फाईल) हवाच, आणि त्यात पहिल्या दोन ओळींत हे काय आहे आणि कुणासाठी आहे, मग एक स्क्रीनशॉट, मग चालवायचं कसं. स्क्रीनशॉट फार कामाचा, कारण फुकटच्या होस्टिंगवर टाकलेलं ॲप बरेचदा झोपलेलं असतं, पहिल्यांदा उघडताना बराच वेळ पांढरा स्क्रीन दिसतो, आणि तिला वाटतं की हे चालतच नाही. लिंकशेजारी 'पहिल्यांदा उघडायला थोडा वेळ लागतो' असं लिहून ठेवा.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा, पासवर्ड किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेला जोडायची गुप्त किल्ली) कोडमध्ये टाकून ठेवलीय का. बरेच जण लक्षात आल्यावर ती ओळ काढून नवीन कमिट करतात, म्हणजे बदल नोंदवतात, आणि निश्चिंत होतात, पण गिट (हे बदल नोंदवणारं सॉफ्टवेअर) जुना इतिहास ठेवतं, मागच्या कमिटमध्ये ती की जशीच्या तशी दिसते. म्हणून की रद्द करून नवीन घ्यायची, आणि पुढे ती वेगळ्या फाईलमध्ये ठेवून त्या फाईलचं नाव गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने कुठल्या फाईली घ्यायच्या नाहीत त्या यादीत, टाकायचं. टीममधल्या माणसाने हे बघितलं तर त्याच्या डोक्यात जे वाक्य तयार होतं ते पुसायला फार कष्ट पडतात.

लिंक्डइनवर मुख्य गोष्ट हेडलाईन, तिथे २२० अक्षरं मिळतात. रिक्रूटर तिथे शोधते ती स्किल्सच्या आणि हुद्द्याच्या नावाने, दोन-तीन शब्द 'आणि', 'किंवा' लावून. 'नव्या संधीच्या शोधात, शिकण्याची आवड' असं लिहिलं तर या शोधात तुम्ही येण्यासारखं त्यात काहीच नाही. 'ज्युनियर बॅकएंड डेव्हलपर, जावा, स्प्रिंग बूट, एसक्यूएल' असं लिहिलं तर येऊ शकता. फोटो साधा, चेहरा दिसेल असा, उजेडात काढलेला. आणि रिझ्युमेवरच्या तारखा आणि लिंक्डइनवरच्या तारखा सारख्या आहेत ना ते बघा, फरक असला तर तिला प्रश्न पडतो आणि तो प्रश्न ती तुम्हाला विचारेलच असं नाही.

तिला मेसेज करायचा असेल तर नुसतं 'हाय' पाठवून थांबू नका, आणि 'माझ्या प्रोफाईलला योग्य काही ओपनिंग असेल तर कळवा' हेही नको, कारण यात शोधायचं काम तुम्ही तिच्यावर टाकताय. असं लिहा: 'नमस्कार, तुमच्याकडच्या ज्युनियर टेस्टर पोझिशनसाठी काल अर्ज केलाय. एका वेब ॲपसाठी सेलेनियममध्ये मी ३५ ऑटोमेटेड टेस्ट लिहिल्यात, लिंक खाली देतोय. ही पोझिशन अजून ओपन आहे का एवढं कळलं तर बरं होईल.' हे वाचायला दहा सेकंद, उत्तर द्यायला पाच. आणि तिने हा मेसेज जसाच्या तसा मॅनेजरला फॉरवर्ड केला तरी चालेल असा आहे, हे महत्त्वाचं.

मग एक दिवस फोन येतो. पहिला फोन साधारण पंधरा-वीस मिनिटांचा असतो आणि त्यात टेक्निकल फारसं काही नसतं. ती बघत असते की कागदावरचा माणूस आणि फोनवरचा माणूस एकच आहे ना, अपेक्षा जुळतात का, आणि टीमसमोर पाठवला तर नीट बोलेल का. इथे सगळ्यात जास्त मुलं कुठे पडतात सांगू? फोन येतो आणि कंपनीचं नावच आठवत नाही. 'कुठली पोझिशन म्हणालात?' दीडशे ठिकाणी अप्लाय केल्यावर हे होणारच, दोष देत नाही, पण समोरच्याला ते लगेच कळतं. एक साधी शीट ठेवा, कंपनी, पोझिशन, तारीख, कुठला रिझ्युमे पाठवला, जेडीची कॉपी. जेडी सेव्ह करून ठेवाच, कारण ओपनिंग बंद झाली की ते पान गायब होतं. आणि फोन आला तेव्हा बसमध्ये किंवा गोंगाटात असाल तर सरळ सांगा की आत्ता नीट बोलता येणार नाही, अर्ध्या तासाने करू का. कुणी त्यावर नाराज होत नाही, अर्धवट ऐकू येणाऱ्या कॉलपेक्षा तिलाही तेच बरं वाटतं.

'स्वतःबद्दल सांगा' हा प्रश्न येणारच. जन्मापासून सुरू करू नका. मी आत्ता काय करतो, एक प्रोजेक्ट ज्यात मी अमुक अडचण सोडवली, आणि ही पोझिशन मला का हवी, एवढं एक ते दीड मिनिटात. पाठ करू नका, पाठ केलेलं ऐकू येतं, मुद्दे तेवढे लक्षात ठेवा आणि दोन-चार वेळा मोठ्याने बोलून बघा. ती पलीकडे टाईप करत असते, त्यामुळे हळू बोला. एखादी गोष्ट येत नसेल तर 'हे मी वापरलेलं नाही, पण याच्या जवळचं अमुक वापरलंय' असं सांगा. नुसतं 'नाही' म्हणालात तर तिच्या नोट्समध्ये नाही एवढंच जातं, आणि खोटं 'हो' म्हणालात तर पुढच्या राउंडला ते उघडं पडतं आणि तिचाही शब्द जातो, कारण तिने तुमच्या भरवशावर पुढे सांगितलेलं असतं.

पगाराचं विचारलं तर आधी थोडी चौकशी करून एक रेंज तयार ठेवा, किंवा सरळ विचारा की या पोझिशनसाठी काय रेंज ठरलीय. हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही. आणि शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं आलं की 'नाही' म्हणू नका, पुढच्या राउंडमध्ये काय असतं, टीम केवढी आहे, पहिल्या तीन महिन्यांत नवीन माणसाकडून काय अपेक्षा असते, यातलं काहीही विचारा. यातून तुम्हालाही कंपनी कळते, शेवटी तुम्हीही निवडच करताय.

व्हिडिओ कॉल असेल तर चेहऱ्यावर समोरून उजेड, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, मागे खिडकी नको. हे वरवरचं वाटतं पण विलिस आणि तोदोरोव यांच्या २००६ च्या अभ्यासात असं दिसलं होतं की अनोळखी चेहऱ्याबद्दल, हा विश्वासू वाटतो का, सक्षम वाटतो का, हे मत लोक एक दशांश सेकंदात बनवतात, आणि जास्त वेळ दिला तरी मत फारसं बदलत नाही, फक्त आपल्या मताबद्दलची खात्री वाढते. ते मत बरोबर असतंच असं अजिबात नाही, आणि म्हणूनच चांगल्या कंपन्या सगळ्या उमेदवारांना ठरलेले तेच प्रश्न विचारून त्याच मापाने गुण देतात. पण अंधारात बसून तुम्ही उगाच त्या पहिल्या क्षणाला तोटा का करून घ्यायचा.

फोन झाला की त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल, वेळ दिल्याबद्दल आभार आणि बोलण्यात आलेली एखादी गोष्ट, 'तुम्ही म्हणालात तो टेस्टिंगचा भाग मी प्रोजेक्टमध्ये केलाय, लिंक देतोय' अशी. तिने सांगितलेली तारीख उलटून गेली तर आठवड्याने एकदा विचारा. दुसऱ्यांदा विचारून उत्तर नाही आलं तर सोडून द्या आणि पुढच्या अर्जाला लागा. उत्तर न देणं वाईटच आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही, पण बरेचदा ओपनिंगच थांबवलेली असते किंवा आतल्याच कुणाला दिलेली असते आणि तुमच्या लायकीशी त्याचा काही संबंध नसतो.

आणि नकार आला तर त्यालाही उत्तर द्या. 'कळवल्याबद्दल आभार, पुढे ज्युनियर पोझिशन निघाली तर मला नक्की आवडेल' एवढंच. एटीएसमध्ये तुमचं नाव, तुमचा रिझ्युमे आणि तिने फोनवर टिपलेल्या नोट्स बहुतेक वेळा तशाच राहतात, आणि नवीन ओपनिंग निघाली की आमची रिक्रूटर जाहिरात टाकायच्या आधी जुन्या नोट्समध्ये शोधायची, 'टेस्ट' असा शब्द टाकून, जे आधी बोलून झालंय अशांमध्ये. तिच्या नोटमध्ये 'बरा वाटला' असेल तर ती पुढे सरकायची, आणि '३५ टेस्ट स्वतः लिहिल्या, मोकळेपणाने बोलतो, नकारालाही नीट उत्तर दिलं' असं असेल तर पहिला फोन त्याला जायचा.